पाळणा लागतो तेव्हा

मराठीत गाडी लागते, बस लागते, बोट लागते. ऊन लागावं, थंडी लागावी, उचकी लागावी, तशीच. ज्याला लागली त्याचा त्यात काही दोष आहे असं हे क्रियापद कुठेच सुचवत नाही. ऊन लागलेल्या माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही, त्याला सावलीत बसवून पाणी देतात. मोठ्या पाळण्यातून उतरलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या पोराला मात्र पहिला प्रश्न येतो, "घाबरलास ना?" आणि दुसऱ्या पाळण्याच्या रांगेत त्याला हाताला धरून ओढलं जातं, भीती मोडावी म्हणून. त्या पोराला बहुतेक वेळा भीती वाटलेलीच नसते. त्याला पाळणा लागलेला असतो. या दोन गोष्टी शरीरात वेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

फरक ओळखायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे तोंड. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, पाळणा लागलेल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. भीती रांगेत असताना सर्वांत जास्त असते, पट्टा बसला की शिगेला पोचते आणि उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरते. लागण्याचा प्रवास उलटा. रांगेत माणूस हसतखेळत असतो, पाळण्यात बसतानाही ठणठणीत असतो. मग कधीतरी एक जांभई येते. झोप आलेली नसताना आलेली जांभई ही फार महत्त्वाची खूण आहे, आणि तिच्याकडे कुणीच लक्ष देत नाही. पाठोपाठ ढेकर, वरच्या ओठावर आणि कपाळावर गार घाम, चेहऱ्याचा रंग उतरणं, बोलणं कमी होणं, आणि मग तोंडात पातळ लाळ जमू लागणं. लाळ जमायला लागली की उलटीला फार वेळ उरलेला नसतो. बडबडं मूल एकदम गप्प झालं तर घरच्यांनी त्याच्या वरच्या ओठाकडे बघावं. तिथे घामाचे बारीक थेंब दिसले, तर तो पाळणा त्या मुलासाठी त्या दिवशीचा शेवटचा.

हे का होतं? कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागून, तोल सांभाळणारा अवयव आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींना साधारण काटकोनात बसवलेल्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यातून मेंदूला कळतं की आपण वळलो. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, बारीक स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. खाली कुठे, वर कुठे, वेग वाढला की कमी झाला, हे त्या स्फटिकांच्या सरकण्यावरून कळतं. डोळे तिसरी बातमी देतात. पायाचे तळवे, मान आणि पाठीचे स्नायू चौथी. एरवी या सगळ्या बातम्या जुळतात. पाळण्यात त्या जुळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे मेंदूने अनुभवावरून बांधलेल्या अंदाजाशी जुळत नाहीत. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड या दोघांनी १९७५ मध्ये ही मांडणी सविस्तर केली आणि आजही तीच आधार मानली जाते. दोन्ही कानांतला हा अवयव पूर्ण निकामी असलेल्या माणसांना गाडी जवळजवळ लागतच नाही, यावरूनही मूळ तिथेच आहे हे स्पष्ट होतं.

पण बातम्या जुळल्या नाहीत तर पोटाने का ओकावं? १९७७ मध्ये मिशेल ट्राइसमन यांनी यावर एक तर्क मांडला. जग अकारण गरगरायला लागलं, तर लाखो वर्षं त्याचं एकच नेहमीचं कारण होतं, ते म्हणजे काहीतरी विषारी खाल्लं गेलं असणं. म्हणून मेंदू पोट रिकामं करायचा हुकूम देतो. हा तर्कच आहे, पण तो पटणारा आहे, आणि त्यातून एक गोष्ट मनाला फार बरी वाटते. उलटी होणारं शरीर कमकुवत नसतं, ते आपल्याला वाचवायला धावलेलं असतं. फक्त त्याला रोलर कोस्टर म्हणजे काय हे माहीत नसतं.

आता जत्रेतल्या ‘कोलंबस’कडे बघू. दोन्ही टोकांना वर वळलेली मोठी नाव, मध्ये वरच्या आसाला टांगलेली. खालच्या रबरी चाकाने ती ढकलली जाते आणि मग पुढेमागे झुलते. फार वेग नाही, उलटंपालटं होणं नाही, म्हणून ‘साधा’ पाळणा समजून आजी-आजोबांना आणि पोटभर भजी खाल्लेल्या मंडळींना त्यात बसवलं जातं. आणि उलट्या इथेच पुष्कळ होतात. याचं गणित सरळ आहे. आसापासून नावेपर्यंतचं अंतर १०-१२ मीटर धरलं, तर लंबकाच्या नियमाने एका पूर्ण झोक्याला साडेसहा-सात सेकंद लागतात. त्यात प्रत्येक वेळी तळाशी अंग जड होतं आणि टोकाला हलकं होतं, म्हणजे जड-हलकं हा खेळ सव्वातीन-साडेतीन सेकंदांनी एकदा. माणसाला वरखाली हलवून केलेल्या प्रयोगांमध्ये मळमळ सर्वांत जास्त कुठे होते हे शोधलं गेलं आहे. उत्तर आहे सेकंदाला ०.२ आवर्तनं, म्हणजे पाच सेकंदांना एक. समुद्रात लाटांवर बोट जवळजवळ याच लयीत हलते. घाटातल्या वळणांवर बसही साधारण अशाच संथ लयीत डोलतात. कोलंबसचा पूर्ण झोका आणि त्यातलं जड-हलकं, दोन्ही या लयीच्या आसपासच पडतात. पोटाला वेगाचं फारसं काही वाटत नाही, संथ लयीपुढे मात्र ते हात टेकतं.

म्हणून कोलंबसमध्ये बसायचंच असेल तर मधली रांग घ्या. टोकाच्या रांगा सर्वांत उंच जातात आणि वर तरंगल्यासारखं तिथेच जास्त होतं, पोरं त्याच रांगेसाठी भांडतात हेही खरं. मधल्या रांगेत हेलकावा कमी. नजर नावेच्या समोरच्या टोकावर नाही, तर लांब, जिथे जमीन आणि आभाळ मिळतं तिथे. जत्रेत रात्री क्षितिज दिसत नाही, तेव्हा दूरचा एखादा स्थिर दिवा धरावा. झोका वर जाताना श्वास कोंडून धरायची सवय सगळ्यांना असते. वर जाताना सावकाश सोडावा, खाली येताना घ्यावा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे गरगर फिरणारे पाळणे: ब्रेक डान्स, टोरा टोरा, कपबशी, ऑक्टोपस. इथे कानातल्या नळ्यांचं वागणं नीट समजून घेतलं तर निम्मं काम झालं. फिरणं सुरू झालं की नळीतला द्रव मागे राहतो आणि आपल्याला फिरल्याचं कळतं. पण एकाच वेगाने फिरत राहिलो तर द्रवही नळीच्या वेगाला येऊन पोचतो, आणि पंधरा-वीस सेकंदांत कान सांगायला लागतो की आपण फिरतच नाही. डोळे मात्र सगळं पुसट पळताना बघत असतात. मग पाळणा थांबतो. नळी थांबली, द्रव अजून चालूच. आता कान सांगतो की आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत. ज्या क्षणी माणूस घाईने उठून जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागतो, नेमका तोच क्षण सर्वांत वाईट असतो. पाळणा थांबला की पट्टा उघडेपर्यंत आणि उघडल्यावरही शक्य तितके सेकंद जागीच बसावं, पाठ टेकून, समोरच्या एका न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून. वीस-तीस सेकंदांत द्रव शांत होतो. मागची रांग ओरडत असली तरी एवढा वेळ मागून घ्यावा, आणि उतरताना कठडा धरावा.

याहून घातक गोष्ट म्हणजे फिरता फिरता मान हलवणं. शरीर एका आसाभोवती फिरत असताना डोकं दुसऱ्या दिशेला कललं की तीनही नळ्यांची बातमी एकदम गुंतते, आणि आपण कोलांटी खातोय असा भास होतो, जो डोळ्यांना अजिबात पटत नाही. प्रयोगशाळेत माणसाला लवकरात लवकर मळमळ आणायची असेल तर हेच करतात: फिरत्या खुर्चीत बसवून मान इकडेतिकडे करायला सांगतात. कपबशीत पोरं नेमकं तेच करतात. मागच्या कपातल्या मित्राला हाक मारायला वळतात, पडलेली टोपी बघायला वाकतात, खाली मोबाइलमध्ये व्हिडिओ बघतात. डोकं पाठीच्या उशीला टेकवून ठेवणं, हनुवटी न हलवणं, आणि नजर आपल्याबरोबर फिरणाऱ्या वस्तूवर ठेवणं, म्हणजे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर किंवा मधल्या चाकावर, हा इथला उपाय. कथ्थकच्या चक्करांमध्ये नर्तकी नजर एका बिंदूवर रोखते आणि मान झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणते, ते तंत्र इथे वापरू नये. तिचं शरीर ताठ, आस सरळ, आणि वेग तिच्या स्वतःच्या हातात असतो. मेंदूला पुढची हालचाल आधीच ठाऊक असते. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही ती याचमुळे. पाळण्यात आपण प्रवासी असतो, चालक नसतो.

आणि कपबशीतलं मधलं चाक फिरवू नका. कप आधीच दोन चकत्यांवर फिरत असतो, चाकाने तिसरं फिरणं वाढतं. ज्याला पाळणा लागतो त्याने बसण्याआधीच बरोबरच्यांना स्पष्ट सांगावं की चाकाला हात लावायचा नाही.

आता मोठा रोलर कोस्टर. खोपोलीजवळ, खोपोली-पाली रस्त्यावर, २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. तिथला ‘नायट्रो’ हा पायाखाली फळी नसलेला कोस्टर आहे. सुमारे ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास वेग, आणि पाच वेळा डोकं खाली पाय वर. खालून बघितला की वाटतं, याच्यात बसलेला माणूस ओकल्याशिवाय उतरणार कसा? पण ज्यांना बस लागते त्यांतल्या पुष्कळांना कोस्टर कोलंबसपेक्षा बरा जातो. कारणं दोन. एक तर त्याच्या हालचाली झटपट आहेत, त्या पाच सेकंदांच्या संथ लयीत बसत नाहीत. दुसरं, खेळ दोन-अडीच मिनिटांत संपतो. मळमळीला जमायला सहसा काही मिनिटं लागतात, तेवढ्यात गाडी फलाटावर परत आलेली असते. कोस्टर लागतो तो बहुतेक वेळा सलग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला. पहिल्या फेरीचं बिल तिथे चुकतं करावं लागतं.

कोस्टरमध्ये पुढची रांग आणि मागची रांग यांत मोठा फरक आहे. उतारावर पुढचे डबे कड्यावर जरा रेंगाळतात, मागचे डबे मात्र आधीच वेग घेतलेल्या गाडीकडून कड्यावरून खेचले जातात. म्हणून मागे जागेवरून उचलल्यासारखं होतं आणि हिसकाही जास्त बसतो. पुढे बसलं की रूळ दिसतो, पुढच्या वळणाची मेंदूला आधी बातमी मिळते. ज्याला लागतं त्याने पुढच्या भागात बसावं, आणि हिसक्यांचीही भीती असेल तर पहिल्या रांगेऐवजी मधल्या डब्यांतली पुढची रांग घ्यावी. डोळे उघडे ठेवावेत. लोक घट्ट मिटून घेतात, त्यामुळे मेंदूला जी एक खरी बातमी मिळाली असती तीही बंद होते आणि मान पुढच्या हिसक्याला तयार राहत नाही. नजर रुळावर, शक्य तितकी पुढे. डोकं उशीला टेकलेलं. अंधारातल्या कोस्टरमध्ये रूळ दिसत नाही, म्हणून तो वेगाने लहान असूनही काहींना जास्त लागतो.

उलट्या गिरकीत डोळ्यांपुढे अंधारी येणं ही वेगळी गोष्ट, तिचा कानाशी संबंध नाही. गिरकीच्या तळाशी शरीराचं वजन काही पटींनी वाढतं आणि रक्त पायांकडे उतरतं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल गिरकीचा कोस्टर होता, त्यात बसणाऱ्यांच्या माना लचकत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने आखलेली गिरकी आली, ती वर निमुळती आणि खाली पसरट, पाण्याच्या थेंबासारखी. त्या आकाराने तळाचा धक्का कमी झाला, म्हणून आज गिरकी सुसह्य आहे. तरीही गिरकीत शिरताना पोटऱ्या, मांड्या आणि पोट घट्ट आवळावं, म्हणजे रक्त वर टिकतं. उन्हात दोन तास रांगेत पाणी न पिता उभं राहिलेल्याला ही अंधारी हमखास येते. तिथे गोळी नाही, पाणी हवं.

पडद्यासमोर खुर्च्या हलवणारे खेळ थोडक्यात सांगतो. तिथे प्रकार नेमका उलटा आहे. डोळ्यांना वाटतं आपण दरीत कोसळतोय, खुर्ची मात्र जेमतेम हातभर सरकते. इथे खोटं डोळे बोलतात, म्हणून इथेच डोळे मिटण्याचा खरा उपयोग आहे. तीन-चार सेकंद मिटावेत, किंवा पडद्याच्या कडेकडे, छताकडे, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघावं. मधल्या भागातली मागची रांग घ्यावी, म्हणजे पडद्याबाहेरची स्थिर भिंत थोडी तरी नजरेत राहते.

हे सगळं माहीत असूनही दिवस बिघडतो तो क्रम चुकल्यामुळे. मळमळ साठत जाते. एका पाळण्याने दिलेली अर्धी मळमळ उतरायच्या आत दुसरा पाळणा घेतला की तिथून पुढे मोजणी सुरू होते. ‘आता बरं वाटतंय’ आणि ‘पूर्ण बरं झालं’ यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर निदान अर्ध्या तासाचं धरावं. पुण्याहून खोपोलीला येणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ते बोरघाट उतरून येतात, म्हणजे उद्यानाच्या दारात पोचतानाच त्यांच्या कानाची अर्धी शिल्लक खर्च झालेली असते. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून, मान खाली घालून मोबाइल बघत आलेली मुलं दारात उतरतात तीच जांभया देत. त्यांनी पहिला पाऊण तास पायीच फिरावं. मुंबईकडून येणाऱ्याचा रस्ता त्या मानाने सरळ आहे, तो आल्याआल्या कोस्टर घेऊ शकतो. सकाळी, ऊन चढण्याआधी, कोस्टर आणि उंचीचे खेळ, मग काहीतरी बसून बघण्याचा कार्यक्रम, मग जेवण, जेवणानंतर दीड-दोन तास फक्त सपाट किंवा पाण्याचे संथ खेळ. गरगर फिरणारे आणि झुलणारे खेळ घ्यायचेच असतील तर एकच, आणि तोही दिवसाच्या शेवटी, जेव्हा नंतर काही बिघडवायचं राहिलेलं नसतं. पुण्याला परतणाऱ्यांनी मात्र तो शेवटचाही सोडावा. त्यांच्यापुढे अजून घाट चढायचा असतो.

खाण्याबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. ‘ओकायला होईल’ म्हणून काहीच न खाता जाणं ही पहिली. रिकाम्या पोटी मळमळ जास्त जाणवते आणि साखर उतरली की घेरी वेगळीच. दुसरी म्हणजे वाटेत फूडमॉलवर दाबून मिसळ आणि वडापाव. तेल पोटात रेंगाळतं. निघण्याआधी दीड-दोन तास उपमा, पोहे, इडली किंवा तूप न घातलेला मऊ भात, पोट निम्मं भरेल इतकाच. नंतर दर दोन तासांनी चार-पाच बिस्किटं, केळं किंवा मूठभर कुरमुरे. पाणी घोट घोट, दर वीस मिनिटांनी. एका दमात अर्धी बाटली प्यायली तर ती पुढच्या झोक्याला पोटात खळखळते. फसफसणारी पेयं नकोत, त्यांचा वायू ढेकर आणतो आणि ढेकराबरोबर बरंच काही.

औषधांवर जरा थांबावंसं वाटतं, कारण चुका इथे सर्वांत जास्त होतात. मराठी घरांत ॲव्होमिन ही गोळी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिच्यात प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम असतं. प्रौढांसाठी एक गोळी, प्रवासाच्या किंवा खेळाच्या एक ते दोन तास आधी. सिनारिझिन आणि मेक्लिझिन हीही याच कामाची औषधं, तीही आधीच घ्यायची. ‘आधी’ हा शब्द इथे सगळं काही आहे. जठराची एक लय असते, मिनिटाला सुमारे तीन लाटा. मळमळ सुरू झाली की ती बिघडते, लाटा भलत्याच वेगाने आणि विस्कळीत येऊ लागतात, आणि पोटातलं पुढे सरकणं जवळजवळ थांबतं. तेव्हा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि पुढच्या उलटीत बाहेर येते. मळमळायला लागल्यावर गोळी शोधणारा माणूस पाऊस थांबल्यावर छत्री उघडत असतो.

दुसरी चूक औषध चुकीचं निवडण्याची. घरात ऑनडॅनसेट्रॉनची गोळी असते, कधीतरी पोट बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी दिलेली. उलटीची गोळी ती उलटीची गोळी, असं समजून तीच दिली जाते. पोटाच्या संसर्गात किंवा केमोथेरपीत ती उत्तम काम करते, पण गाडी लागण्यावर तिचा उपयोग जवळपास होत नाही. तिचा मार्ग वेगळा आहे, कानाकडून येणारा निरोप ती अडवत नाही. तोच प्रकार ‘झोप न आणणाऱ्या’ सर्दीच्या गोळ्यांचा. गाडी लागण्यावरची औषधं मेंदूत शिरूनच काम करतात आणि मेंदूत शिरतात म्हणूनच झोप आणतात. झोप नको तर उपयोगही नाही. म्हणून गोळी घेतलेल्याने त्या दिवशी गाडी चालवू नये, दारूला हात लावू नये, आणि जमलं तर एखाद्या सुटीच्या दिवशी घरी घेऊन आपल्याला किती झोप येते हे आधीच बघावं. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन अजिबात द्यायचं नाही, त्यांच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो. मोठ्या मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावा, गोळी अंदाजाने मोडून नाही. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, फेफरं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं घेऊ नयेत. गरोदर बाईने, आणि हृदयविकार, मानेचा किंवा पाठीचा आजार असलेल्याने या पाळण्यांत बसूच नये.

आल्याबद्दल मत विभागलेलं आहे. काही प्रयोगांत एक ग्रॅम सुंठेने फरक पडला, काहींत पडला नाही. आलेपाकाची वडी जिभेवर ठेवली तर अपाय काही नाही, आणि तिखट वासाने लाळ सुटण्याकडचं लक्ष उडतं हे खरं. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, आतल्या बाजूच्या दोन कंडरांच्या, म्हणजे ताठ दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांच्या, मधोमध दाबण्याचंही असंच. ज्याला गुण येतो त्याने करावं, गोळीच्या जागी करू नये.

श्वासाचा उपाय मात्र खरा आहे आणि फुकट आहे. मळमळ सुरू होताना श्वास आपोआप उथळ आणि वेडावाकडा होतो. मन लावून तो एकसारखा केला, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पोटाने, तर मळमळ वाढण्याचा वेग कमी होतो. रांगेतच सुरू करावा. पाळण्यात बसून पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही.

आणि एवढं करूनही लागलाच, तर? उतरल्यावर आडोशाला, वारा असेल तिथे बसावं, आडवं झालं तर आणखी बरं. मान न हलवता डोळे मिटावेत. आता मिटायला हरकत नाही, कारण आता शरीर खरोखरच स्थिर आहे. मानेवर आणि कपाळावर ओला रुमाल. सुगंधी अत्तर लावलेला माणूस दूर बसवावा, उसळीची प्लेट घेऊन बसलेला तर आणखी दूर. उलटी येत असेल तर अडवू नये. एका उलटीनंतर बहुतेकांना लगेच हलकं वाटतं, पण तेवढ्यावर परत रांगेत जाऊ नये. चूळ भरून दहा मिनिटं काहीच घेऊ नये, मग क्षारांच्या पाण्याचे, म्हणजे ओआरएसचे, दोन-दोन घोट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशात दोन जाड पिशव्या, एक पाकीट क्षारांचं, एक लहान टॉवेल आणि एक जादा टी-शर्ट, इतकंच सामान लागतं. पिशवी खालच्या खिशात नाही, वरच्या खिशात, हात सहज पोचेल अशी.

मुलांचं वेगळं आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी फारशी लागत नाही, सर्वांत जास्त लागते ती सात ते बारा या वयात, आणि नेमकं त्याच वयात शाळेच्या सहली निघतात. पुढे बहुतेकांचं कमी होतं. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना आणि पाळीच्या दिवसांच्या आसपास बायकांना जास्त लागू शकतं. चाळिशी-पन्नाशीनंतर अनेकांना अनुभव येतो की पूर्वी सोसणारा फिरता पाळणा आता सोसत नाही. ज्या मुलीला आज लागला तिला पुढच्या वर्षी कदाचित लागणार नाही. सवयीने कान खरंच शिकतो. पण एकाच दिवसात पुन्हा पुन्हा बसवून नाही. थोडी हालचाल, मळमळ येण्याआधी थांबणं, दोन-तीन दिवस मध्ये सोडून पुन्हा थोडी, असं महिनाभर. बागेतला साधा झोपाळा यासाठी पुरतो: पहिल्या दिवशी दोन मिनिटं, नजर समोरच्या झाडावर. जबरदस्तीने शिकवलेला कान उलटच शिकतो, पुढच्या वेळी नुसता ग्रीसचा वास आला तरी मळमळतं.

दोन-तीन गोष्टी मात्र लागण्याच्या खात्यात टाकू नयेत. पाळण्यानंतर न थांबणारी जोराची डोकेदुखी, मानेत नवी तीव्र कळ, एका हातात किंवा पायात अशक्तपणा, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं यांपैकी काही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठावं. आणि चार दिवसांनी पलंगावर कूस बदलताना खोली गर्रकन फिरली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. कानातल्या त्या पिशवीतले स्फटिक सुटून नळीत गेलेले असू शकतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर ते जागेवर आणतात, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ज्याला दिवसभरात लागलं असेल त्याला चालकाच्या मागची पहिली जागा द्यावी, खिडकीची काच बोटभर उघडून. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलीही चालेल. मागच्या चाकांवरची मात्र नाही. मोबाइल बॅगेत, आणि घाट सुरू व्हायच्या आधीच डोकं मागे टेकवून झोपायला सांगावं.